डीएम कार्डिऑलॉजीला बेळगावात रुजू होताय? पहिल्या सहा महिन्यांची तयारी

एमडी मेडिसिन झालं, नीट-एसएस ही डीएमसारख्या सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा पार पडली आणि अलॉटमेंट लेटर हातात आलं. पुढची तीन वर्षं हृदयरोग विभागात. नव्याने येणाऱ्या बहुतेकांचं लक्ष अँजिओग्राफी कधी करायला मिळेल याकडे असतं, पण सीमाभागात पहिले सहा महिने खरी परीक्षा होते ती कॅज्युअल्टीत आणि फोनवर. खानापूर, चंदगड, हुक्केरी, सौंदत्ती इथून निघालेला रुग्ण दारात पोहोचेपर्यंत त्याच्या हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग गेलेला असू शकतो. म्हणून या लेखात वेळ मोजण्याबद्दल जास्त लिहिलं आहे आणि तारा-कॅथेटरांबद्दल (कॅथेटर म्हणजे धमनीतून हृदयापर्यंत नेण्याची बारीक नळी) त्या मानाने कमी.

१. रुजू होण्याआधी: कागदांची फाइल

मूळ कागदांची एक फाइल, साक्षांकित प्रतींचे तीन संच आणि सगळ्याचं स्कॅन मोबाइलमध्ये ठेवा. फाइलमध्ये हे हवं:

– अलॉटमेंट लेटर, नीट-एसएसचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक
– एमबीबीएस आणि एमडीच्या पदव्या, गुणपत्रिका (एमडीची पदवी मिळाली नसेल तर उत्तीर्ण प्रमाणपत्र)
– मेडिकल कौन्सिलची नोंदणी, एमडीच्या अतिरिक्त पात्रतेच्या नोंदीसह
– जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन
– आधीच्या संस्थेचं कार्यमुक्ती पत्र, बाँड असल्यास तो पूर्ण झाल्याचा किंवा ना-हरकतीचा दाखला
– मायग्रेशन सर्टिफिकेट
– हिपॅटायटिस बीच्या तीन डोसांची नोंद आणि अँटिबॉडी टायटर

महाराष्ट्रातून येणाऱ्यांची अडचण ठरलेली असते. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची असते आणि काम करायचं असतं कर्नाटकात. कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडे अर्ज करताना आधीच्या कौन्सिलचं ना-हरकत पत्र आणि गुड स्टँडिंग सर्टिफिकेट लागतं. हे काम एका दिवसात होत नाही, त्यामुळे अलॉटमेंट लागल्या दिवशीच अर्ज टाका.

दुसरा सापळा नावाचा. कर्नाटकात शाळेच्या दाखल्यावर नावाच्या मागेपुढे अनेकदा नुसती आद्याक्षरं असतात. महाराष्ट्रात वडिलांचं नाव आणि आडनाव पूर्ण लिहितात. सीमाभागात दहावी एका राज्यात आणि एमबीबीएस दुसऱ्या राज्यात झालेल्यांच्या दोन प्रमाणपत्रांवर दोन नावं दिसतात. ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. बाँडची रक्कम, स्टायपेंड आणि मधेच सीट सोडल्यास होणारा दंड हे सगळं सही करण्याआधी वाचा. मित्राच्या कॉलेजात काय आहे यावर विसंबू नका, संस्थेगणिक अटी वेगळ्या असतात.

२. दुखण्याचे शब्द आणि दुखण्याची वेळ

‘छातीत दुखतं का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर देणारा माणूस तासाभरात व्हीएफमध्ये (हृदय नुसतं थरथरतं आणि रक्त फेकणं थांबतं त्या अवस्थेत) जाऊ शकतो. त्याला दुखत नसतं, ‘गच्च’ झालेलं असतं. ‘छाती भरून आल्यागत वाटतंय’, ‘कळ मारतीया’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘गॅस वर चढलाय’, ‘डाव्या हाताला मुंग्या’, ‘जबडा धरलाय’ ही सगळी हृदयविकाराचीच भाषा असू शकते. वयस्कर बायका आणि मधुमेही रुग्ण तर नुसता दम, घाम आणि अशक्तपणा सांगतात. सोडा किंवा अँटासिड पिऊन बरं वाटलं म्हणून हृदयविकार नाही, असं कधीही धरू नका.

कन्नड बोलणाऱ्या रुग्णांसाठी चार शब्द पहिल्या आठवड्यात पाठ करा: ‘एदे नोवु’ म्हणजे छातीत दुखणं, ‘एदे उरि’ म्हणजे जळजळ, ‘उसिरु’ म्हणजे श्वास, ‘सुस्तु’ म्हणजे थकवा. पाचवं एक वाक्य, ‘यावाग शुरू आतु?’ म्हणजे कधी सुरू झालं. हाक मारताना मराठीत काका, मावशी, आजी आणि कन्नडमध्ये अण्णा, अक्का, अज्जा, अव्वा. ज्याला प्रेमाने हाक मारली तो माणूस खरं सांगतो.

‘किती वाजता सुरू झालं?’ असं विचारलं की शेतावरचा माणूस अंदाजाने एक आकडा ठोकून देतो. त्याऐवजी त्याच्या दिवसाला धरून विचारा. धार काढायच्या आधी की नंतर? डेअरीला दूध घालून आला होता का? सकाळची एसटी गेली होती का? रात्री झोपमोड झाली ती या दुखण्यानेच का? दुखणं येतंय-जातंय असं असेल तर दोन वेळा लिहून घ्या, पहिल्यांदा कधी आलं आणि न थांबता कधीपासून आहे. लायसिसचा (रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा) निर्णय दुसऱ्या वेळेवर अवलंबून असतो. नवे डॉक्टर पहिली वेळ लिहून मोकळे होतात आणि तीन तासांचा रुग्ण कागदावर चौदा तासांचा होतो.

३. तालुक्याहून आलेला फोन

ऑन कॉल असताना फोन उचलला की या क्रमाने विचारा आणि उत्तरं वहीत लिहा:

वय आणि अंदाजे वजन. सलग दुखणं कधीपासून. बीपी, नाडी, ऑक्सिजन. ईसीजी किती वाजता काढला. आत्तापर्यंत काय दिलं आणि किती वाजता. आधी पक्षाघात, मेंदूत रक्तस्राव, अलीकडे ऑपरेशन किंवा डोक्याला मार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. शेवटी, रुग्णवाहिकेत डिफिब्रिलेटर आहे का आणि सोबत कोण येतंय.

ईसीजीचा फोटो मागवताना सांगा: कागद टेबलावर सपाट, सावली नको, बाराही लीड (ईसीजीतल्या बारा कोनांच्या रेषा) एका फोटोत, नाव आणि वेळ दिसली पाहिजे, वेग २५ मिलिमीटर प्रति सेकंद. लीड एकमध्ये सगळंच उलटं आणि एव्हीआरमध्ये सगळं सरळ दिसलं तर हातांच्या तारांची अदलाबदल झाली आहे का ते आधी तपासा. छातीवरचे व्ही१ आणि व्ही२ हे इलेक्ट्रोड चौथ्या बरगडीखालच्या जागेऐवजी वर लावले की जुन्या अँटिरियर इन्फार्क्टसारखं (हृदयाच्या पुढच्या भागातल्या अटॅकसारखं) चित्र दिसतं. हे इतकं सर्रास होतं की फोनवर एकदा विचारायलाच हवं.

आता अंतराचा हिशोब. ईसीजीत स्टेमी (धमनी पूर्ण बंद पडून आलेला अटॅक) दिसल्यापासून १२० मिनिटांच्या आत बलून फुगवता येणार असेल तर थेट अँजिओप्लास्टीसाठी बोलवा. तेवढ्यात जमणार नसेल तर तिथेच लायसिस, तेही निर्णय झाल्यापासून १० मिनिटांत सुरू करण्याच्या तयारीने. १२० मिनिटांत नुसता रस्ता मोजू नका. रुग्णवाहिका मिळणं, नातेवाइकांचं ठरणं, कॅथ लॅबची (जिथे अँजिओप्लास्टी करतात तिथली) टीम येणं हे सगळं त्यात धरा. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबी भागातून किंवा चोर्ला घाटातून येणाऱ्या रुग्णाला नकाशावरची वेळ लागू पडत नाही.

राज्याची हद्द इथे मधे आणू नका. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ आहे. निपाणीला कोल्हापूर जवळ पडतं, अथणी-कागवाडला मिरज-सांगली. आपल्याकडे बोलावण्यापेक्षा जवळच्या, रात्रीही चालू असलेल्या लॅबकडे पाठवणं रुग्णाच्या हिताचं असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि तिथल्या डॉक्टरांना स्वतः फोन करा.

कर्नाटकात २०२३ साली सुरू झालेल्या पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेत तालुका रुग्णालयांत टेनेक्टेप्लेज हे गाठ विरघळवणारं इंजेक्शन मोफत देण्याची सोय आहे. आपल्या भागातली कोणती रुग्णालयं त्यात आहेत आणि तिथे रात्री ड्यूटीवर कोण असतं, याची यादी पहिल्याच महिन्यात करून ऑन कॉल फोनमध्ये ठेवा.

४. लायसिस: चुका नेमक्या कुठे होतात

टेनेक्टेप्लेज वजनावर, एकाच बोलसमध्ये (एका दमात शिरेतून): ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५, ९० आणि वर ५०. वय ७५ च्या पुढे असेल तर अर्धा डोस. त्याच कामाचं स्ट्रेप्टोकायनेज वापरायचं झालं तर १५ लाख युनिट, ३० ते ६० मिनिटांत. ते देताना बीपी पडतं. तेव्हा आधी ड्रिपचा वेग कमी करा, पाय उंच करा, सलाइन द्या. घाबरून औषध कायमचं बंद करू नका. पूर्वी एकदा स्ट्रेप्टोकायनेज मिळालेलं असेल तर पुन्हा देऊ नका.

सोबत अ‍ॅस्पिरिन चावून आणि क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम, ७५ च्या पुढच्या रुग्णाला ७५ मिलिग्रॅमच. एनॉक्सापॅरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) ३० मिलिग्रॅम शिरेतून आणि मग दर १२ तासांनी किलोमागे १ मिलिग्रॅम त्वचेखाली. ७५ च्या पुढे शिरेतला डोस द्यायचा नाही आणि त्वचेखालचा किलोमागे ०.७५. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तातली पातळी) वाढलेलं असेल तर वरिष्ठांना विचारल्याशिवाय पुढचा डोस देऊ नका.

इन्फिरियर (हृदयाच्या खालच्या बाजूचा) इन्फार्क्ट दिसला की व्ही४आर (छातीच्या उजव्या बाजूची लीड) काढल्याशिवाय जिभेखाली नायट्रेट (धमन्या सैल करणारी गोळी) ठेवू नका. उजव्या व्हेंट्रिकलला (हृदयाच्या खालच्या कप्प्याला) मार लागलेला असेल तर सॉर्बिट्रेट या नायट्रेटच्या एका गोळीने बीपी ६० वर येतं. व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी (ईसीजीच्या लहरीतली एक रेषा) खाली गेलेली दिसली तर पाठीवर व्ही७ ते व्ही९ लावा. पाठीत फाटल्यासारखं दुखणं आणि दोन हातांच्या बीपीत मोठा फरक असेल तर आधी महाधमनी फाटली नाही ना ते बघा. अशा रुग्णाला लायसिस दिलं तर तो हातचा जातो.

औषध दिल्यावर ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी. ज्या लीडमध्ये एसटी सर्वांत वर होती तिथे ती निम्म्याहून जास्त खाली आली का? नसेल आली तर रेस्क्यू अँजिओप्लास्टी (लायसिस फसल्यावर करायची), लगेच. आली असेल तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी व्हायला हवी. ‘इंजेक्शनने दुखणं थांबलं, आता घरी जातो’ असं म्हणणारे नातेवाईक इथेच भेटतात. गाठ विरघळली पण नळी अरुंदच आहे, ती पुन्हा बंद पडू शकते, हे पाण्याच्या पाइपात अडकलेल्या गाळाचं उदाहरण देऊन सांगितलं की समजतं.

प्रत्येक ईसीजीवर हाताने वेळ लिहा. मशीनचं घड्याळ चुकीचं असतं, विशेषतः बॅटरी बदलल्यावर.

५. इको

पहिले तीन महिने रोज किमान पाच रुग्णांचा पूर्ण इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, नुसता ‘ईएफ किती’ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर फेकतं) एवढाच नको. प्रोब ठेवण्याच्या जागांचा क्रम ठरवून घ्या: पॅरास्टर्नल लाँग, शॉर्ट, मग एपिकल चार, पाच, दोन, तीन चेंबर, शेवटी सबकॉस्टल आणि सुप्रास्टर्नल. क्रम मोडला की एखादी गोष्ट सुटते, आणि सुटते ती बहुधा पेरिकार्डियम (हृदयाभोवतीचं आवरण).

एपेक्स (हृदयाचं टोक) चित्रात कापला गेला की व्हेंट्रिकल आखूड आणि गोल दिसतं आणि ईएफ खोटा चांगला येतो. त्यावर उपाय म्हणजे रुग्णाला नीट डाव्या कुशीवर वळवणं आणि प्रोब एक बरगडी खाली नेणं. डॉप्लरची (रक्ताचा वेग मोजणारी) रेषा प्रवाहाशी २० अंशांच्या आत ठेवा, नाहीतर ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) कमी मोजला जातो.

संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले रुग्ण या भागात अजूनही येतात, बहुतेक तरुण बायका, कित्येकदा गरोदरपणात दम लागला म्हणून पहिल्यांदाच. मायट्रल झडपेचं (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या) क्षेत्र प्लॅनिमेट्रीने (चित्रावर झडपेची कड आखून) मोजा. २२० भागिले प्रेशर हाफ टाइम (झडपेवरचा दाब निम्मा व्हायला लागणारा वेळ) हा आकडा फक्त पडताळ्यासाठी. १.५ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे तीव्र स्टेनोसिस (झडप अरुंद होणं). विल्किन्स स्कोअर (झडप किती जाड आणि कडक झाली याचे गुण) ८ पर्यंत असेल तर बलूनने झडप उघडण्याचा चांगला फायदा होतो, पण त्याआधी ट्रान्सइसोफेजिअल इकोने (अन्ननलिकेतून प्रोब घालून) डाव्या एट्रियममध्ये (वरच्या कप्प्यात) गाठ नाही याची खात्री हवीच.

संधिवाताचा ताप पुन्हा येऊ नये म्हणून या रुग्णांना बेंझाथिन पेनिसिलिन १२ लाख युनिट, स्नायूत, दर २१ दिवसांनी. रुग्णाला ‘महिन्याला एक’ असं सांगितलं की तो पगाराच्या तारखेला येतो आणि मधले दिवस उघडे पडतात. कॅलेंडरवर तारखा गोल करून द्या. झडपेचा आजार तीव्र आणि हार्ट फेल्युअर असलेल्या रुग्णांत या इंजेक्शनऐवजी तोंडावाटे पेनिसिलिनचा विचार वरिष्ठांशी बोलून करा.

६. कॅथ लॅब: आधी शिसं, मग सुई

लॅबमध्ये पाय ठेवण्याआधी स्वतःचा टीएलडी बिल्ला (अंगावर पडलेलं विकिरण मोजणारा) मिळाला पाहिजे. ‘तोवर असंच उभं राहा’ असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. बिल्ला छातीच्या पातळीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा आणि दर तिमाहीला मोजणीसाठी द्यायचा. एप्रनच्या खिशात ठेवून लॅबमध्येच विसरलात तर तीन महिन्यांची नोंद निरर्थक होते. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही.

एप्रन घडी करून खुर्चीवर टाकू नका. शिशाला चिरा पडतात, त्या वरून दिसत नाहीत. हँगरलाच लावा. थायरॉइड कॉलर आणि शिशाचा चष्मा रोज वापरा. एक्स-रेचा डिटेक्टर रुग्णाच्या छातीजवळ, टेबल उंच, चित्राची चौकट लहान, फ्लुरोचा (चालत्या एक्स-रेचा) वेग सेकंदाला ७.५ फ्रेम, आणि पडद्याकडे बघत नसाल तेव्हा पायडलवरून पाय काढा. एलएओ कोनात (डिटेक्टर रुग्णाच्या डावीकडे झुकलेला असताना) उभ्या डॉक्टरावर विकिरण जास्त उसळतं, त्यामुळे टांगती काच तेव्हा नीट सरकवून घ्या. गर्भवती डॉक्टरने वेळीच विभागाला लेखी कळवावं. त्यानंतर गर्भासाठी मर्यादा १ मिलिसीव्हर्ट आहे आणि ड्यूटी बदलून मागणं हा हक्क आहे.

७. पहिल्या पन्नास रेडियल

रेडियल म्हणजे मनगटातल्या धमनीतून केलेली अँजिओग्राफी. मनगट मागे वाकवून टेकवा, लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) १ मिलिलिटरच्या आसपास. जास्त भरलं की नाडी हाताला लागत नाही. स्टायलॉइडच्या (मनगटाच्या हाडाच्या टोकाच्या) १ ते २ सेंटिमीटर वर टोचा. रक्त उडालं पण वायर जात नसेल तर ढकलू नका, सुई किंचित मागे घ्या, कोन बदला. शीथ (धमनीत बसवायची छोटी नळी) गेल्यावर नायट्रोग्लिसरिन १०० ते २०० मायक्रोग्रॅम आणि हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किलोमागे ५० युनिट, जास्तीत जास्त ५०००.

कोपरापासून पुढे वायर पडद्यावर बघतच न्या. अडकली तर थोडं कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून वळण आहे का बघा. वायर उतरत्या महाधमनीत जात असेल तर रुग्णाला मोठा श्वास घ्यायला सांगा, बहुतेक वेळा ती चढत्या महाधमनीकडे वळते. कॅथेटर आवळला गेला तर ओढू नका. पुन्हा नायट्रोग्लिसरिन, थोडं सेडेशन आणि पाच मिनिटं थांबणं.

कॅथेटर ऑस्टियमला (हृदयाच्या धमनीच्या तोंडाला) लागला की आधी प्रेशरची रेषा बघा, मग पिचकारी. रेषा चपटी झाली किंवा व्हेंट्रिकलसारखी दिसू लागली असताना कॉन्ट्रास्ट सोडलं तर धमनी चिरू शकते किंवा व्हीएफ होतो. उजव्या बाजूला कोनस या छोट्या शाखेत कॅथेटर शिरलेला असतो तेव्हा हे हमखास घडतं. मॅनिफोल्डमधली (कॅथेटरला जोडलेल्या तोट्यांच्या पट्टीतली) हवा टिचक्या मारून बाहेर काढा आणि सिरिंज कायम उभी, मूठ वर धरा, म्हणजे बुडबुडे वर राहतात.

फेमोरलला (जांघेतल्या धमनीला) सुई उंच लागली तर रक्त पोटाच्या मागे साठतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. तासाभराने रुग्ण अस्वस्थ, कमरेत दुखतंय, बीपी पडतंय, तर ते ‘घाबरलाय’ म्हणून सोडून देऊ नका. लगेच वरिष्ठांना बोलवा, रक्ताची सोय करा आणि रुग्ण स्थिर असेल तर सीटी.

लॉगबुक त्याच संध्याकाळी भरा. कोणती केस, तुमची भूमिका काय होती, फ्लुरोचा वेळ, कॉन्ट्रास्ट किती, काय बिघडलं. महिनाअखेरीस आठवून भरलेलं लॉगबुक शिकायला उपयोगी पडत नाही.

८. संमती आणि योजनेचे कागद

संमतीपत्र रुग्णाला समजेल त्या भाषेत. विभागात मराठी आणि कन्नड, दोन्ही छापील प्रती ठेवा. घरचे मराठी बोलतात म्हणून रुग्ण मराठी वाचतो असं नाही. गोकाकच्या शाळेत शिकलेल्याला कन्नडच वाचता येईल, तेव्हा आधी विचारा. वाचून दाखवणाऱ्याचं नावही कागदावर हवं.

आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तातडीचा नसलेला रुग्ण असेल तर सरकारी रुग्णालयाचं रेफरल लागतं, आणि ते आधी न आणल्यामुळे केस अडते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू केली. त्यामुळे रुग्ण ‘आमच्या गावाला दोन योजना आहेत’ असं म्हणतात. आपल्या रुग्णालयात कोणती चालते ते आरोग्यमित्राला विचारून मगच बोला. वॉर्डात तुम्ही दिलेला शब्द बिलिंगच्या काउंटरवर फिरला तर घरच्यांचा तुमच्यावरचा विश्वास जातो.

मंजुरीसाठी वेळ लिहिलेला ईसीजी, इकोचा रिपोर्ट, अँजिओची चित्रं, रेशन कार्ड, आधार. स्टेंटच्या खोक्यावरचे स्टिकर केस पेपरवर, रुग्णाच्या कार्डावर आणि क्लेमच्या कागदावर लॅबमध्येच चिकटवा. खोकं कचऱ्यात गेलं की क्लेम परत येतो.

९. डिस्चार्ज

स्टेंट बसलेल्या हार्ट अटॅकच्या रुग्णाला दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या साधारण वर्षभर. कागदावर औषधाचं नाव, मराठीत किंवा कन्नडमध्ये ‘ही गोळी आम्हाला विचारल्याशिवाय बंद करायची नाही’ असं एक वाक्य आणि विभागाचा फोन नंबर लिहा. दात काढायला गेला की गावातला डॉक्टर पहिल्यांदा हीच गोळी थांबवतो, आणि आठवड्याभरात स्टेंट बंद होऊन तोच रुग्ण परत येतो. रुग्णाला गोळी हातात घेऊन ओळखायला लावा. वाचता येत नसेल तर रंग आणि आकार सांगून, घरातल्या शिकलेल्या मुलासमोर किंवा सुनेसमोर समजावा. पुढची तारीख देताना त्यांच्या गावचा बाजाराचा दिवस विचारा, त्या दिवशी गाड्या जास्त असतात आणि येणं जमतं.